खदानीतला झेल

“कोणीही चालेल,” काळमेघ वकील घाम पुसत म्हणाले, “फक्त अंगावर पांढरे कपडे पाहिजेत!”

असं म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. मी संत्र्याच्या रसाची बादली घेऊन उभी होते. त्या दिवशी आम्हा स्वयंसेविकांना पांढरी सलवार-कमीज आणि खांद्यावरून निळी फीत असा पोशाख दिला होता.

“तू भुयारांची मंदा ना? प्रमिलाची बहीण?”

“हो.”

“बादली ठेव खाली. तुला न्यूझीलंडकडून खेळायचं आहे.”

मी बादली ठेवली नाही, ती हातातून सुटलीच. काळमेघांचे पांढरे बूट केशरी झाले. पण ते ओरडले नाहीत, यावरून मला कळलं की माणूस खरोखर अडचणीत आहे.

अडचण अशी होती की आदल्या दिवशी काळमेघांनी पाहुण्या संघाला घरी जेवायला बोलावलं होतं. वऱ्हाडी रस्सा त्या बायकांना इतका आवडला की डोळ्यांतून पाणी काढत त्यांनी वाट्या पुन्हा पुढे केल्या. वकिलीणबाईंना तो मान वाटला आणि त्या वाढतच राहिल्या. सकाळी त्यांची फलंदाजी कशीबशी उरकली होती, पण आता त्यांतल्या काही जणी कपडे बदलायच्या खोलीत लिंबूपाणी पीत आडव्या पडल्या होत्या. राखीव खेळाडू धरूनही मैदानात उतरायला एक बाई कमी पडत होती. आपल्या संघाची राखीव मुलगी मदतीला गेली असती, पण तिनं सकाळीच सरावात बोट मोडून घेतलेलं.

“पण साहेब, मी आपल्या गावची आहे,” मी म्हणाले.

“मग काय झालं? पाहुण्यांचा पाहुणचार करतो ना आपण?” त्यांनी माझी निळी फीत ओढून काढली. “मंदे, तिकडे वर मुंबईहून बोर्डाचे दोन साहेब येऊन बसले आहेत. इथं पुरुषांचा सामना द्यायचा का नाही, ते आज पाहून जातील. अकरा माणसं मैदानात उभी करता येत नाहीत असं त्यांना दिसलं, तर झालं! खदानच राहील ही जन्मभर.”

आमच्या स्टेडियमला गाव खदानच म्हणायचं. अजूनही म्हणतं. तिथे पूर्वी खरीच दगडाची खदान होती. कलेक्टर कचेरीचा आणि रेल्वेच्या पुलाचा काळा दगड तिथूनच निघाला. दगड संपल्यावर तो खड्डा तसाच पडून होता. पावसाळ्यात म्हशी डुंबायच्या, उन्हाळ्यात आम्ही पोरं चेंडू खेळायचो. मग बहात्तरचा दुष्काळ आला. लोकांना काम द्यायचं म्हणून सरकारनं तळाशी माती टाकून सपाटी करायला घेतली आणि कडेचा दगड फोडून पायऱ्या काढल्या. अर्ध्या गावानं तिथं घमेली वाहिली. आमची पिठाची गिरणी होती, पण दळायला कोणाकडे दाणाच नव्हता, म्हणून माझी आईही डोक्यावर चुंबळ ठेवून तिथं जायची. तो दुष्काळ सरला तेव्हा गावाच्या हाती एक भलंमोठं गोल मैदान उरलं. चहूबाजूंनी दगडी पायऱ्या आणि मध्ये हिरवं गवत. आवाज तर असा घुमायचा की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस वर बघायचा.

शहात्तरच्या हिवाळ्यात तिथं भारत आणि न्यूझीलंडच्या मुलींचा एक दिवसाचा सामना झाला. आज स्टेडियमच्या दारात संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर ‘या मैदानावरील पहिला आंतरराष्ट्रीय सामना’ म्हणून नंतरच्या एका पुरुषांच्या सामन्याची तारीख कोरली आहे. पाटी वाचून बाहेरगावचे लोक फोटो काढतात. मी आणि प्रमिला तिथून जाताना एकमेकींकडे बघतो आणि आम्हाला हसू येतं.

प्रमिला माझी मोठी बहीण. भारताकडून खेळणारी आमच्या गावची पहिली आणि त्या वेळी एकुलती एक. दुकानांच्या पाट्यांवर ‘प्रमिला भुयार यांचे स्वागत असो’ असं लिहिलं होतं. मी तिच्याबरोबरच खेळायला शिकले, पण मला बॅट धरता यायची नाही. माझी गोलंदाजी पाहून आमचे सर डोळे मिटून घ्यायचे. मला फक्त पळता यायचं आणि चेंडू पकडता यायचा. एवढ्यावर कोण संघात घेतं? कॉलेजात माझं नावही कोणी घ्यायचं नाही. ‘प्रमिलाची बहीण’ म्हटलं की काम भागायचं.

तर अशी मी, न्यूझीलंडची काळी टोपी घालून मैदानात उतरले.

त्यांनी मला स्कर्टही देऊ केला होता. त्यांच्या कप्तान, जोनबाई, तो हातात धरून उभ्या होत्या. माझा चेहरा पाहून काळमेघच मध्ये पडले आणि म्हणाले, “नो, नो मॅडम. फादर इज सिटिंग.” बाबा खरंच बसले होते, समोरच्या पायऱ्यांवर. गिरणीला कुलूप लावून आले होते आणि आसपासच्या लोकांना आपणहून शेंगदाणे वाटत होते. स्कर्टवाचून भागलं, पण बूट घ्यावेच लागले. ते मला इतके मोठे होते की चालताना मागून दुसरं कोणीतरी येतंय असं वाटायचं. दोनदा पडता पडता वाचले आणि शेवटी ते दोरीपाशी काढून ठेवले. अनवाणीच उभी राहिले.

सुरुवातीला मला कोणी ओळखलं नाही. मग पायऱ्यांवरून एक आवाज आला, “अबे, हे गोरी नाही वाटत!”

“उन्हानं झाली असंल.”

“उन्हानं वेणी येते काय? अबे, हे तर भुयारची लहानी पोट्टी!”

ही बातमी खदानीत अशी फिरली की मी पाहत होते: एका पायरीवरचे लोक उभे राहायचे, टोपीखाली बघायचे, हसत बसायचे, मग पुढची पायरी. बाबांपर्यंत पोचली तेव्हा त्यांच्या हातातला शेंगदाण्यांचा पुडा तसाच वाकडा झाला. मी हात हलवला. त्यांनी हलवावा की नाही या विचारात अर्धाच हलवला.

भारताच्या दोन विकेट पडल्यावर प्रमिला खेळायला आली. सगळी खदान उभी राहिली. टाळ्या, शिट्ट्या, डफडं. ती माझ्या जवळून गेली आणि थबकली.

“मंदे! हे काय?”

“काळमेघ साहेबांनी सांगितलं.”

“बाबांना माहीत आहे?”

“आता झालं आहे.”

तिनं बाबांकडे पाहिलं, माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, आणि खेळपट्टीपर्यंत खांदे हलवत गेली. लोकांना वाटलं, दडपणानं थरथरते आहे. ती हसत होती.

मग मला जे झालं ते कसं सांगू? मला मैदान चढलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढ्या मोठ्या मैदानात, एवढ्या लोकांसमोर पळत होते, आणि पाय जमिनीला लागत नव्हते. चेंडू माझ्याकडे आला की मी झडप घालायची. चौकार वाटावा असा फटका अडवला. दुसरा अडवला. कोपरं सोलली, कमीज मातीनं लाल झाली. न्यूझीलंडच्या मुली टाळ्या वाजवून ‘मँडा! मँडा!’ ओरडायला लागल्या. आपले लोकही आधी हसले, कौतुक केलं. पण धावा जमेनात तशी त्यांची कुरकूर सुरू झाली.

“अगं, एखादा जाऊ दे ना!” एक काका दोरीपाशी येऊन हात जोडून म्हणाले. “घरचीच बहीण आहे तुझी!”

“जाऊ कसा देऊ, काका?”

“हातातून सुटतो माणसाच्या. मी काय सांगू तुले?”

पण खरंच सांगते, तो चेंडू दिसला की मला गाव, देश, बहीण काही आठवायचं नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा भारताला जिंकायला दहा-बारा धावा हव्या होत्या. विकेट दोनच शिल्लक होत्या, आणि प्रमिला अजून खेळत होती. दुसऱ्या बाजूला कलकत्त्याची शिखा होती, जिला बॅट उलटी दिली असती तरी फरक पडला नसता. म्हणजे सगळं प्रमिलावर होतं. काळमेघ दोरीच्या बाहेरून माझ्यामागे येरझाऱ्या घालत होते. त्यांचे केशरी बूट आता वाळून कडक झाले होते. वर मंडपात बोर्डाचे दोन्ही साहेब खुर्चीच्या कडेवर आले होते.

जोनबाईंनी मला हातानं खूण केली. मागे जा, आणखी मागे. मी दोरीला टाच लागेपर्यंत मागे गेले.

प्रमिलानं चेंडू उचलून मारला.

तो फटका मला अजून दिसतो. चेंडू वर गेला, खदानीच्या काठावरच्या कडुनिंबांच्याही वर, आणि उन्हात दिसेनासा झाला. लोक षटकार म्हणून ओरडायला लागले. मग तो उन्हातून बाहेर आला आणि मला कळलं की तो माझ्याकडे नाही, माझ्या डाव्या बाजूला बराच लांब पडतो आहे. मी पळाले. कानात नुसता घोंगावता आवाज होता आणि त्या आवाजातून कोणीतरी अगदी स्पष्ट ओरडलं, “पकड!” मी अंग टाकलं. हातात काहीतरी चटका बसल्यासारखं झालं. मी लोळले, धुळीचा लोट उठला आणि दोरी नाकासमोर, हातभर अंतरावर येऊन थांबली.

चेंडू माझ्या दोन्ही तळव्यांत होता.

वर पाहिलं तर सगळी खदान गप्प. एवढी माणसं एका वेळी गप्प बसल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. कुठंतरी एक लहान मूल रडत होतं, तेवढंच.

पंच हैदराबादचे सुब्बाराव नावाचे गृहस्थ होते. ते धावत जवळ आले. धुळीमुळे त्यांना काही दिसलं नव्हतं, दुसऱ्या पंचांनाही नाही. जोनबाईही आल्या. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहून विचारलं, “कॅच?”

“क्लीन था?” सुब्बारावांनी विचारलं. “सच बोलना, बेटी. तुम बोलोगी वही होगा.”

आणि तेव्हा खदानीला आवाज फुटला.

“टप्पा! टप्पा! टप्पा!”

सगळ्या पायऱ्या एका तालात ओरडायला लागल्या. भिंतींवरून तो शब्द परत यायचा आणि पुढच्याला धडकायचा. माझ्या मागे दोरीला लागून काळमेघ वकील गुडघ्यांवर बसले होते.

“मंदे,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “टप्पा पडला म्हण. एकच टप्पा, बाई. लहानसा.”

मी खेळपट्टीकडे पाहिलं. प्रमिला तिथं नव्हती. तिनं बॅट काखेत मारली होती, हातमोजे काढत होती आणि तंबूकडे निघाली होती. पंचांनी बोट वर केलं नव्हतं, मी तोंड उघडलं नव्हतं, आणि ही बाद होऊन चालली होती!

“क्लीन था,” मी म्हणाले.

सुब्बारावांनी बोट वर केलं.

पहिली संत्र्याची साल माझ्या खांद्यावर पडली. मग सालींचा पाऊसच सुरू झाला. साली, शेंगांची टरफलं, एक चप्पलही आली. “गद्दार!” असं कोणीतरी ओरडलं. “घरी ये, मग पाहतो!” हे मात्र आमच्या गल्लीतल्या कोणाचं तरी होतं, आवाज ओळखीचा वाटला. न्यूझीलंडच्या मुली माझ्याभोवती गोळा झाल्या. मंडपात बोर्डाचे साहेब उभे राहिले होते आणि त्यांच्यापैकी एक आपली बॅग उचलत होता. काळमेघांनी ते पाहिलं आणि डोळे मिटले.

तेवढ्यात प्रमिला वळली.

अर्ध्या वाटेतून ती परत फिरली आणि तंबूकडे न जाता सरळ माझ्याकडे यायला लागली. पॅड बांधलेले, बॅट हातात, तोंड लाल. लोक हळूहळू थांबले. सगळ्यांना वाटलं, आता ही मला झोडपणार. मलाही तसंच वाटलं. लहानपणापासून तिच्या चपराकी मला माहीत होत्या.

ती समोर आली, मुलींना बाजूला सारलं, माझी वेणी धरली आणि मला ओढून मिठीत घेतलं. इतकं घट्ट की माझी टोपी पडली.

“कसा घेतलास गं!” ती माझ्या कानात किंचाळली. “कसा घेतलास, मंदे! मेले असते मी!”

आणि ती नाचायला लागली. पॅड घालून माणूस नाचतो तेव्हा बदक पळाल्यासारखं दिसतं. मीही नाचले. जोनबाईंना वाटलं ही इथली काही पद्धत असावी, म्हणून त्याही नाचल्या.

खदान बुचकळ्यात पडली. मग वरच्या पायरीवर एक बाई उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात कोणाचं तरी मूल. तिचा आवाज असा होता की तिला भोंगा लागला नसता.

“कायले साली फेकता बे?” ती ओरडली. “आउट झाली ते बी आपलीच, पकडलं ते बी आपलीनंच! त्यायचं काय आहे याच्यात?”

आधी एकजण हसला. मग त्याची पायरी हसली. मग सगळी खदानच हसायला लागली, आणि खदान हसते तेव्हा तुम्ही कितीही गंभीर असलात तरी उपयोग नसतो. डफडं पुन्हा सुरू झालं. बाबा उभे राहून दोन्ही हातांनी शेंगदाणे उधळत होते. तो बोर्डाचा साहेब बॅग खाली ठेवून पोट धरून बसला होता, आणि त्याला पाहून काळमेघ इतके खूश झाले की त्यांनी दोरीवरून उडी मारून मलाच मिठी मारायचा प्रयत्न केला. पंचांनी त्यांना बाहेर काढलं.

सामना आपण हरलो. शिखानं चक्क एक चौकार मारला, नंतरच्या चेंडूवर दांडी उडाली आणि संपलं. पण त्या शेवटच्या थोड्या वेळात चेंडू माझ्याकडे आला की लोक टाळ्या वाजवायचे, अडवला तरी आणि सुटला तरी. हरल्यावर जेवढ्या टोप्या हवेत उडाल्या तेवढ्या नंतर तिथं पुरुषांच्या सामन्यात जिंकल्यावरही उडाल्या नाहीत. धावफलकावर रंगानं लिहिलं होतं, ‘प्रमिला भुयार झे. बदली’. पेपरातही तेच आलं. माझं नाव कुठंच नाही. बदली!

जुन्या गिट्टी मशीनच्या शेडमध्ये मुलींना कपडे बदलायला जागा केली होती. तिथं मी टोपी परत द्यायला गेले तेव्हा शिखा मधोमध उभी राहून सगळ्यांना सांगत होती.

“ये लड़की पागल है! शॉट मारा, रन के लिए भागी, और बीच पिच में खड़ी होके चिल्लाती है, पकड! पकड! खुद का कॅच!”

“मी नाही ओरडले,” प्रमिला म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

“मैं सामने थी!”

“तूच ओरडलीस?” मी विचारलं. “मला वाटलं, पायऱ्यांवरून कोणीतरी...”

“निघून गेलं तोंडातून,” प्रमिला पायातले पॅड सोडत, वर न बघता म्हणाली. “तू पळत होतीस. मी पाहिलं की तू पोचणार. मग बाकी काही दिसलंच नाही. कोणाचा चेंडू, कोणाचा सामना, काय... तू पोचायला पाहिजे होतीस, बस.” मग ती एकदम उखडली. “काय बघतेस? जा, टोपी दे त्यांना!”

मी टोपी द्यायला वळले तर दारात मिस मिस्त्री उभ्या. त्या आपल्या संघाच्या मॅनेजर, मुंबईच्या पारशीणबाई, उंच, पायात पुरुषी बूट.

“ए पोरी,” त्या म्हणाल्या, “तू बॅटिंग करते?”

“नाही.”

“बोलिंग?”

मी मान हलवली.

“मग काय करते?”

“पकडते.”

त्या मोठ्यानं हसल्या. “माझी राखीव पोरगी बोट मोडून बसली आहे. पुढचा सामना हैदराबादला. संध्याकाळची गाडी हाय. येते काय?”

मी प्रमिलाकडे पाहिलं. तिनं माझा हात धरला आणि आम्ही पळालो.

बाहेर सायकलरिक्षा उभ्या होत्या. पहिल्याच रिक्षावाल्यानं प्रमिलाला पाहून गादी झटकली. “बसा ना ताई! तुमच्यासाठी फुकट.” मग त्यानं मला पाहिलं. “हिले नाही नेत.”

“अहो, माझी बहीण आहे.”

“असंल. चांगले रन काढून राह्यले होते तुम्ही. हिले नाही नेत म्हणजे नाही नेत.”

दुसराही तेच म्हणाला. तिसरा म्हणाला, “नेईन, पण रस्ताभर बोलीन.” तेवढी सवड नव्हती. आम्ही पळतच निघालो, प्रमिला पांढऱ्या कपड्यांत, मी लाल. टांगा चौकात लोकांनी प्रमिलाच्या गळ्यात हार घातला आणि मला विचारलं, काय मिळालं तुला? पानठेल्यावरच्या पोरांनी मला सलाम ठोकला आणि प्रमिलाला विचारलं, एवढा वर कायले मारला? आम्हाला हसून हसून पळता येईना. कापसाच्या जिनिंगजवळच्या पुलावर तर आम्ही बसलोच, पोट धरून. बाजूनं जाणारी म्हातारी म्हणाली, “देवा, हारून आल्या आन् हसून राह्यल्या!”

घरी आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. ती सामन्याला आली नव्हती. घमेली वाहिली तेव्हाच मी ते सगळं पाहिलं, आता कायले पाहू, असं ती सकाळी म्हणाली होती. पण आमचं घर खदानीपासून फार लांब नव्हतं. तिला सगळं ऐकू येत होतं.

“मधात एकदम गप्प कसं झालं गाव?” तिनं विचारलं. “मले वाटलं, कोणी मेलंबिलं. हातातलं सूप ठेवलं मी.”

“मंदीनं माझा झेल घेतला,” प्रमिला म्हणाली.

आईनं माझ्याकडे पाहिलं. माझी कोपरं, अनवाणी पाय, केसातली संत्र्याची साल. “तू कशी काय गेली तिथं? तू तर पाणी द्यायले गेली होती.”

मग आम्ही दोघींनी एकाच वेळी सांगायला सुरुवात केली. रस्सा, बूट, टोपी, पंच, साली, रिक्षावाला, मिस मिस्त्री, हैदराबाद. आईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला. एवढ्यात बाबाही धापा टाकत आले, दारातच थांबले आणि आईच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. आमच्या घरात शेवटचा शब्द तिचा असायचा. प्रमिलाला पहिल्यांदा बाहेरगावी खेळायला पाठवताना तिनं पुरतं एक वर्ष लावलं होतं. माझ्या लग्नाचं तर तिनं बोलणंही सुरू केलं होतं. माझ्याजवळ होता तो फक्त गाडी सुटेपर्यंतचा वेळ.

“हैदराबादले,” आई म्हणाली.

“हो.”

“आजच.”

“हो, आई. गाडी...”

“थांब.” तिनं सूप खाली ठेवलं. माझ्या केसातली साल काढून टाकली. मग अगदी गंभीरपणे, दोन्ही डोळे माझ्यावर रोखून तिनं विचारलं, “आता तरी तू आपल्याकडून चालली, का त्यायच्याकडून?”

“आपल्याकडून, आई.”

“मग जा,” ती म्हणाली आणि पीठ मळायला उठली.